छोट्या बोटीच्या कॉकपिटमध्ये बाकं आणि सामानाचे कप्पे स्वतः करताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

गेल्या पावसाळ्यानंतर नवी मुंबईत बेलापूरच्या दिवाळे जेटीजवळ ओढून ठेवलेल्या चार छोट्या बोटींची मागची बाकं मी उघडून पाहिली. चारही मालकांनी ती स्वतः किंवा ओळखीच्या सुताराला हाताशी घेऊन केलेली. चारही बाकांच्या पोटात पाणी होतं आणि तीन ठिकाणी प्लायची कड नखाने उकरता येईल इतकी मऊ पडली होती. कारागिरी चांगली होती, बिजागऱ्या सरळ रेषेत होत्या. चुकला होता तो क्रम. आधी प्लाय आला, मग पेटी झाली, मग गादी शिवली, आणि पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी, सिलिकॉनची ट्यूब हातात घेऊन.

त्या चारांत एक बोट माझी होती. पेटी नव्याने करायला घेतली तेव्हा शेजारच्या होडीवरच्या म्हाताऱ्या तांडेलांनी माझा कागदावरचा आराखडा पाहिला आणि एकच विचारलं, "आधी सांग पोरा, पानी कुठनं जानार?" पुढचा सगळा क्रम या प्रश्नाभोवती लावलेला आहे.

हे मार्गदर्शन २० ते २६ फुटांच्या फायबर बोटीसाठी आहे. शिडाची असो किंवा मागे इंजिन लावलेली. सुकाण्यापाशी बसायची जी उघडी, खोलगट जागा असते तिला मी कॉकपिट म्हणतो. लाकडी होडीची बांधणी वेगळी असते, लाकूड फुगतं-आकसतं, म्हणून इथलं रेझिनकाम तिच्यावर जसंच्या तसं करू नका.

आधी दिनदर्शिका बघा

जून-जुलैत बोट वर ओढलेली असते, ताडपत्रीखाली आपल्याला वेळ असतो, म्हणून बहुतेक जण तेव्हाच चिकटवायला घेतात. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. प्लाय ओल पितो, ती ओल रेझिनच्या थराखाली कोंडली जाते, आणि इपॉक्सीच्या (लाकूड आणि फायबर जोडणाऱ्या रेझिनच्या) पृष्ठभागावर मेणचट साय येऊन पुढचा थर धरत नाही.

पावसाळ्यात मोजमाप आणि पुठ्ठ्याचे नमुने करा, पण बोट पाण्यात लागते अशा पहिल्या तीन पायऱ्या ती वर ओढण्याआधीच उरका. कापणं, चिकटवणं, रंग हे दिवाळीनंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. मार्चनंतर दुपारी रेझिन भांड्यातच घट्ट होऊ लागतं.

पायरी १: दोन तास बसून बघा

मोजपट्टी नंतर. आधी बोट पाण्यात असताना, नेहमीच्या माणसांसह, नुसत्या बाकावर दोन तास बसा. कुठे टोचतं, पाय कुठे टेकायला हवे वाटतात, पाठ कधी दुखायला लागते हे लिहून ठेवा. मग थर्माकोल आणि पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून उंची-खोली बदलून पाहा.

मला आणि माझ्या घरच्यांना जमलेली मापं: बैठकीची उंची पायाखालच्या फळीपासून ४० ते ४५ सेंमी, खोली ४२ ते ४८ सेंमी, पाठीचा आधार किमान ३० सेंमी उंच आणि मागे १२ ते १५ अंश कललेला. समोरासमोरच्या बाकांमध्ये ६० ते ७० सेंमी अंतर असावं. बोट कलली की समोरच्या बाकाला पाय लावून स्वतःला रोखता आलं पाहिजे, त्यामुळे पाय मोकळे राहावेत म्हणून हे अंतर वाढवू नका. पाठ अगदी सरळ उभी केली तर अर्ध्या तासात माणूस पुढे सरकून बसतो आणि मग त्या आधाराचा काही उपयोग राहत नाही.

बसल्या बसल्या आणखी तीन गोष्टी तपासा. सुकाण्याचा दांडा दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा, गुडघे अडतात का बघा. इंजिन दोरीने चालू होत असेल तर जोरात ओढताना कोपर मागे कुठवर जातं ते कुणाला तरी पेन्सिलने दाखवायला सांगा, आणि त्या जागेत काही बांधू नका. आणि बैठक उंच केल्यावर नाळेपुढचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापुढचं, पाणी दिसतं ना, हे सर्वांत बुटक्या माणसाला सुकाण्यावर बसवून बघा. आपल्या खाडीत जाळ्यांचे तरंगे, तरंगते ओंडके आणि प्लास्टिक इतकं असतं की पुढचं दिसलंच पाहिजे.

*तपासणी: रात्र बोटीवर काढायची असेल तर एका बाकाची लांबी झोपणाऱ्याच्या उंचीपेक्षा १० ते १५ सेंमी जास्त आहे का? नसेल तर दोन बाकांमध्ये बसणारी सुटी फळी करावी लागेल. ती आताच आराखड्यात घ्या.*

पायरी २: डब्यांनी भार तपासा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. कप्पा झाला की तो भरतोच. आणि कॉकपिट बोटीच्या मागच्या भागात असल्यामुळे तो सगळा भार मागेच बसतो.

बोट शांत पाण्यात असताना, भरती पूर्ण झाल्यावरची स्थिर वेळ गाठून, पाण्याच्या रेषेवर पुढे, मध्ये आणि मागे चिकटपट्टीच्या खुणा करा. मग नेहमीची माणसं बसवा. मग २० लिटरचे भरलेले पाण्याचे डबे, एक डबा म्हणजे साधारण २० किलो, जिथे कप्पे करायचे आहेत तिथे एकेक ठेवत जा आणि प्रत्येक डब्याला खुणा बघा.

कॉकपिटमधलं पाणी बाहेर सोडणारी भोकं बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली जायला लागली की थांबा. किती डबे झाले ते मोजा. प्लाय, रेझिन, झाकणं, गाद्या आणि सामान मिळून तेवढंच वजन तुम्हाला मागे परवडतं. माझ्या बोटीत तिसऱ्या डब्यालाच डावं भोक पाण्याला टेकलं. मागे आडवा मोठा कप्पा करायचा बेत मी तिथेच सोडला आणि दोन्ही बाजूंचे कप्पे पुढे सरकवले.

पायरी ३: पाण्याची वाट ठरवा

बोट पाण्यात, माणसं नेहमीच्या जागी. कॉकपिटमध्ये दोन बादल्या पाणी ओता. बाकावर पाणी कुठे साचून राहतं तिथे खडूने वेढा काढा. खालचं पाणी किती वेळात गेलं ते घड्याळावर बघा. दोन-तीन मिनिटांहून जास्त लागत असतील तर आधी भोकं मोठी करा, बाकांचं नंतर.

आपल्या खाडीत बारीक जाळी बसवलेली भोकं टिकत नाहीत. खाडीचा चिखल बुटांना लागून आत येतो, तिवरांची पानं येतात, आणि दोन फेऱ्यांत जाळी बंद. भोकाचा आतला व्यास किमान ३५ ते ४० मिमी ठेवा आणि वर मोठ्या फटींची, हाताने निघणारी जाळी लावा.

इथे पाणसळ वापरू नका. तरंगणारी बोट कधी समपातळीत नसते आणि ओहोटीला ती चिखलावर एका कुशीवर बसते. उतार नेहमी पाण्यात बसलेल्या, माणसं असलेल्या बोटीवरून ठरवा: बाकाच्या दोन टोकांमध्ये ताणून दोरा बांधा, ओतलेलं पाणी कुठे धावतं ते बघा आणि त्याच्या आधारे खूण करा. बैठकीला पायाच्या बाजूला सुमारे २ अंशांचा उतार पुरतो. ४५ सेंमी खोलीवर हा उतार दीड सेंमी येतो.

कप्प्याचा तळ पायाखालच्या फळीच्या पातळीपेक्षा २ ते ३ सेंमी वर ठेवा. तळाच्या सर्वांत खोल कोपऱ्यात २० मिमीचं भोक, जे कॉकपिटमध्ये उघडतं.

*इशारा: कप्प्याचं पाणी बोटीच्या तळात कधीही सोडू नका. १२० × ४५ × ४० सेंमीचा एक कप्पा २१६ लिटर पाणी घेतो. समुद्राच्या पाण्याने तो भरला तर २२१ किलो, म्हणजे तीन मोठी माणसं, आणि तीही एकाच बाजूला. तो बोटीच्या तळापासून बंद असेल तर पाणी तेवढ्यावरच थांबतं. तळाला जोडलेला असेल तर झाकण उघडं राहिल्यावर एक लाट बोट बुडवू शकते.*

पायरी ४: पुठ्ठ्याचे नमुने

बोटीच्या कुशीत एकही सरळ रेघ नसते, म्हणून गुण्या लावून थेट प्लाय कापणं म्हणजे प्लाय वाया घालवणं. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा साधारण आकारात कापा, जागेवर धरा आणि कंपासचं टोक बोटीच्या कडेवरून फिरवत पेन्सिलची रेघ पुठ्ठ्यावर उतरवा. दोन-तीन वेळा कापून जुळवा.

नमुना कुशीला घट्ट बसेल असा करू नका. सगळीकडे ५ मिमी फट ठेवा. प्लायची कड फायबरला थेट टेकली तर लाटेचा प्रत्येक दणका त्या एकाच रेषेवर बसतो आणि काही महिन्यांनी बाहेरून रंगावर केसासारखी चीर दिसू लागते. ती फट पुढे लांबीने, म्हणजे इपॉक्सीच्या पुटीने, भरायची आहे.

प्रत्येक नमुन्यावर "वर", "नाळेकडे" आणि "डावी/उजवी" लिहा. दोन्ही बाजू सारख्या असतील असं धरू नका, माझ्या बोटीत ११ मिमीचा फरक निघाला.

पायरी ५: आता खरेदी

प्लाय: शिक्क्यावर आयएस ७१० (भारतीय मानकाचा क्रमांक) असलेला मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ चा शिक्का असलेला, दुकानदार "वॉटरप्रूफच आहे" म्हणाला तरी, बोटीसाठी नको. बैठका आणि झाकणांना १२ मिमी, आतल्या आडव्या भिंतींना ९ मिमी पुरतो. कड नीट बघा: आतल्या थरांत पोकळी दिसली तर ताव परत. शंका असेल तर कडेचा तीन इंची तुकडा मागून घ्या, घरी पातेल्यात तीन-चार तास उकळा आणि वाळवून पटाशीने उकलून बघा. थर सुटला तर तो प्लाय घेऊ नका.

रेझिन: लाकूड आणि फायबर जोडायला इपॉक्सी. बोट ज्या पॉलिएस्टर रेझिनने बनते ते स्वस्त असतं, पण लाकडाला ते नीट धरून राहत नाही. ओल लागली की पापुद्र्यासारखं सुटतं. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग, संथ प्रकारचा मागा. इपॉक्सीबरोबर विणलेलं काचेचं कापड किंवा पट्टी घ्या. तुकड्यांची साधी मॅट नको, कारण तिचे धागे धरणारा बंध पॉलिएस्टरमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही.

स्टील: बिजागऱ्या, बोल्ट, कड्या ३१६ ग्रेडच्या. ३०४ खाऱ्या हवेत काही आठवड्यांत तांबूस डाग धरतं. लोहचुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही, तेव्हा दुकानदाराच्या चुंबकावर जाऊ नका. बोल्टच्या डोक्यावर कोरलेलं बघा: ए-४ म्हणजे ३१६, ए-२ म्हणजे ३०४. मुंबईत दारूखाना आणि नागदेवी स्ट्रीटला एक फेरी मारली तर यातलं बरंचसं मिळतं. प्लाय मात्र जवळच घ्या, म्हणजे खराब निघाला तर परत करता येतो.

पायरी ६: कापणं आणि प्लाय बंद करणं

कापून झालं की सगळे तुकडे एकदा कोरडेच जागेवर लावा. झाकण उघडून बघा, सुकाणू पुन्हा फिरवा. मगच रेझिन उघडा.

इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर दिलेलं असेल तेच, वजन काट्यावर तोलून. पॉलिएस्टरची सवय असलेले लोक "लवकर धरावं" म्हणून हार्डनर जास्त घालतात. पॉलिएस्टरमध्ये ते थोडंफार चालून जातं. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर न जुळता आतच राहतो आणि थर कायमचा चिकट, मऊ राहतो. मग खरवडून काढण्याशिवाय उपाय नाही.

एका वेळी १०० ते १५० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. खोल डब्यात ठेवलं तर ते स्वतःच तापतं, धुरावतं, डबा वितळतो.

थर देण्याची वेळ संध्याकाळची. दुपारभर उन्हात तापलेलं लाकूड सावलीत आणून थर दिला की ते थंड होताना आतली हवा आकसते आणि रेझिन रंध्रांत ओढलं जातं. सकाळी थर दिलात तर उलट होतं: लाकूड तापत जातं, हवा बाहेर येते, आणि पृष्ठभाग पुरळ आल्यासारखा फुगतो. सगळ्या बाजूंना तीन थर, कापलेल्या कडांना पाच. प्रत्येक भोक मोठं पाडा, इपॉक्सीच्या लांबीने पूर्ण भरा, वाळल्यावर त्यातूनच बोल्टच्या मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्ट लाकडाला कुठे शिवतच नाही. प्लाय मऊ पडलेल्या तिन्ही बोटींत कुजायची सुरुवात स्क्रूच्या भोकापासूनच झाली होती.

पूर्ण वाळलेल्या थरावर दुसरा देण्याआधी साध्या पाण्याने आणि भांड्याच्या घासणीने धुवा, पुसा, मग ८० नंबरचा घासकागद मारा. न धुता घासलं तर ती मेणचट साय आतच चोळली जाते.

*इशारा: नायट्राइलचे हातमोजे, घासताना धुळीचा मास्क. हाताला लागलेली इपॉक्सी थिनरने पुसू नका, थिनर ती कातडीत उतरवतो. साबण-पाणी वापरा. एकदा ॲलर्जी झाली की ती जात नाही.*

पायरी ७: जागेवर बसवणं

जिथे चिकटवायचं तिथला रंग आणि वरचा चकचकीत थर घासून खालचं काच-फायबर दिसेपर्यंत या. ॲसिटोनने पुसा. ॲसिटोन उघडं असताना ग्राइंडर चालवू नका.

तुकडा फटीसह उभा करा, चार ठिकाणी लांबीचे ठिपके लावून रात्रभर धरू द्या. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात लांबी भरून तिला आतल्या बाजूने गोलाई द्या. पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा जुना गोल चमचा यासाठी उत्तम. ही लांबी अर्धवट ओली असतानाच वरून काचेची पट्टी बसवा, म्हणजे मध्ये घासावं लागत नाही. दोन्ही बाजूंनी पट्टी हवी. एकाच बाजूची पट्टी पहिल्या मोठ्या लाटेला उघडते.

पायरी ८: झाकण आणि पन्हळ

सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ इथे द्या.

रबराची पट्टी पाणी अडवते ही समजूत सोडा. पाणी पन्हळ अडवते, रबर फक्त उडालेले थेंब. रचना अशी: कप्प्याच्या तोंडाला चारही बाजूंनी २० मिमी उंच ओठ. त्याच्याबाहेर २५ मिमी रुंद, २० मिमी खोल पन्हळ, जिचा उतार पायाच्या बाजूला आणि तिथे उघडं तोंड. झाकणाची कड या ओठावरून खाली पन्हळीत उतरते. वरून वाहिलेलं पाणी झाकणाखाली शिरलं तरी पन्हळीत पडतं आणि वाहून जातं. बिजागरीच्या बाजूची पन्हळ बहुतेक जण करत नाहीत, कारण ती करणं किचकट आहे. पाणी हमखास तिथूनच येतं.

रबर पोकळ नळीसारखं, ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं. ते ओठावर टेकतं का बघायला ओठावर खडू घासा, झाकण दाबून लावा, उघडा. रबरावर सलग पांढरी रेघ उठली पाहिजे. जिथे तुटली, तिथे ओठ लांबीने चढवा.

झाकण उघडं राहायला आधार हवा. १२ मिमी प्लायचं झाकण बोट हलल्यावर बोटांवर पडलं तर हाड मोडतं, मुलं असतील तर हे आधी करा. आणि कडी अशी की बोट पूर्ण कलली तरी झाकण आपोआप उघडणार नाही.

*तपासणी: कप्प्यात वर्तमानपत्राचे कागद पसरा, झाकण लावा, पाच मिनिटं पाइपने चारही बाजूंनी पाणी मारा. उघडा. ओला डाग कुठे आहे त्यावरून गळती नेमकी कुठे ते कळतं. कागद कोरडा येईपर्यंत रंग देऊ नका.*

कागद कोरडा आला की दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्या, कप्प्याच्या आतूनही. इपॉक्सी उन्हात उघडी राहिली की पिवळी पडून भुकटी होते.

पायरी ९: कशात काय ठेवायचं

जीवरक्षक जॅकेट सर्वांत वर, कुलूप नसलेल्या कप्प्यात. आग विझवण्याचं नळकांडं इंजिनपासून दूर, हात टाकताच मिळेल असं बाहेर लावलेलं. नांगर आणि साखळी मागे आणू नका. पाण्याचे डबे खाली आणि बोटीच्या मध्याकडे.

*इशारा: पेट्रोलची टाकी बंद कप्प्यात कधीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, कप्प्याच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. टाकी उघड्यावर, पट्ट्याने बांधलेली. गॅसच्या छोट्या सिलिंडरलाही हेच लागू.*

कप्प्याच्या तळावर थेट सामान ठेवू नका. भाजीवाले वापरतात त्या जाळीच्या प्लास्टिक क्रेट मापाच्या मिळाल्या तर उत्तम: खालून हवा खेळते, पाणी आलं तरी सामान वर राहतं आणि अख्खी क्रेट उचलून बाहेर काढता येते. कप्प्याच्या दोन टोकांना, पाऊस आत येणार नाही अशा जागी, छोट्या जाळ्या ठेवा. पूर्ण बंद कप्प्यात आठवड्याभरात बुरशी येते.

दोऱ्या, पाण्याची बाटली, दुर्बीण, फोन ही सतत लागणारी सामग्री कप्प्यात टाकू नका. पाठीच्या आधाराला जाळीचे खिसे शिवून घ्या. ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला जाणारे दर पाच मिनिटांनी झाकण उघडतात, आणि त्या प्रत्येक वेळी गादी उचलावी लागते.

पायरी १०: गाद्या शेवटी

झाकणं पूर्ण झाल्याशिवाय गादीचं माप घेऊ नका. एका झाकणावर एक गादी, दोन झाकणांवर मिळून एक गादी कधीच नको.

सोफ्याचा साधा फोम पाणी धरून ठेवतो आणि दोन दिवस वाळत नाही. बंद पेशींचा फोम घ्या, ४ ते ५ सेंमी जाडीचा. दुकानातच तुकडा पाण्याच्या बादलीत बुडवून हाताने दोन-तीनदा दाबा, बाहेर काढून पिळा. पाणी टपकलं तर तो घेऊ नका. वरचं कापड रेक्झिनचं केलंत तर एप्रिलच्या दुपारी उघड्या मांडीला चटका बसतो. मी आउटडोअर ॲक्रेलिक कापड निवडलं, खालच्या बाजूला जाळी, पॉलिएस्टरचा दोरा आणि प्लास्टिकची चेन, जिचा सरकता तुकडाही प्लास्टिकचाच. पितळी चेन एका हंगामात घट्ट बसते. गादी घसरू नये म्हणून झाकणावर वेल्क्रोच्या चार पट्ट्या पुरतात.

पहिली फेरी

भांगाच्या दिवशी निघा, जेव्हा खाडीतला ओढा कमी असतो. जेटीच्या जवळच तासभर फिरा. कप्पे खरोखर भरलेले, माणसं नेहमीची. पायरी २ मधल्या चिकटपट्टीच्या खुणा अजून असतील, त्यांच्याशी पाण्याची रेषा ताडून बघा. बोट एका बाजूने झुकत असेल तर क्रेट हलवा.

परतल्यावर कप्प्यात पुन्हा वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि उधाणाच्या दिवशी, लाटेत, दुसरी फेरी करा. मग आठवडाभराने झाकण उघडून कागद बघा आणि बिजागरीच्या बोल्टभोवती नख दाबून पाहा.